संगती कोण लावतो? मरीआईचा गाडा, बिहारचा भूकंप आणि सिकलसेलचा कागद

सावंगी (मेघे) हे नाव घेतले की आज कुणाच्या डोळ्यांपुढे गाव येत नाही, दवाखाना येतो. वर्धा शहराला लागून असलेल्या या गावात आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतले गोरगरीब "सावंगीले नेतो" असे म्हणून पेशंटला गाडीत घालतात. आम्ही काही कार्यकर्तेही वस्तीतल्या पेशंटसोबत इथे येत-जात असतो. चिठ्ठी काढणे, योजनेचे कागद लावणे, रक्तासाठी पोरं गोळा करणे, एवढेच आमचे काम.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका मुलासोबत आम्ही होतो. अकरा-बारा वर्षांचा. सिकलसेल. थंडी पडली की त्याचे हातपाय आणि पाठ अशी दुखते की तो रडायचेही थांबतो, नुसता कण्हतो. सलाईन लावलेल्या हाताच्या मनगटावर तीन धागे होते. काळा, लाल आणि हिरवा. म्हणजे मांत्रिक झाला होता, देवी झाली होती, दर्गाही झाला होता. घर मात्र बौद्धाचे. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत, १४ एप्रिलला दारात निळा झेंडा लागतो. रात्री मुलाचा जरा डोळा लागल्यावर त्याच्या आईने आम्हाला विचारले, "भाऊ, आमी कोनाचं का बिगडवलं होतं जी? माह्याच लेकराले कायले?"

आमच्यातला एक तरुण पटकन म्हणाला, "काकू, कोणी काही केलं नाही. हा जेनेटिक आजार आहे. ते धागे आधी तोडा, सगळं थोतांड आहे." बाई गप्प झाल्या. धागे काही तुटले नाहीत. मुलाचा हात पदराखाली झाकला गेला, एवढेच.

परतताना टी-पॉइंटवर चहा घेताना आमचा वाद झाला आणि तो अजून संपलेला नाही. हा लेख त्या वादातूनच लिहितो आहोत. त्या पोराचे म्हणणे खोटे नव्हते. पण बाईंचा प्रश्नही मूर्खपणाचा नव्हता. "माझ्याच लेकराला का?" या प्रश्नातून माणसाने देव काढले आणि याच प्रश्नातून रोगजंतूही शोधले. आमचे म्हणणे असे की प्रश्न विचारणाऱ्याला हसण्याआधी त्याला आजवर उत्तरे कुणी पुरवली आणि त्या उत्तरांत दोषी कोण ठरले, हे पाहिले पाहिजे. आपल्या समाजाला तर ते पाहावेच लागेल. कारण शेकडो वर्षे त्या उत्तरांत आरोपी आपणच होतो.

आधी मनाची गोष्ट. गवत हलले. वारा असेल किंवा वाघ असेल. वाघ समजून पळालेला माणूस दहा वेळा चुकला तरी जगला. वारा समजून बसून राहिलेला एकदाच चुकला. आपण त्या पळणाऱ्यांची लेकरे आहोत, म्हणून आपला मेंदू जिथे संगती आहे तिथे ती पाहतोच, पण नाही तिथेही पाहतो. ढगात चेहरा दिसतो, भिंतीच्या ओलीत देव दिसतो, मांजर आडवे गेले आणि गाडी पंक्चर झाली की दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या जातात. १९४८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठरावीक वेळाने दाणे आपोआप पुढे येत, कबुतर काय करते याचा दाण्यांशी काडीचाही संबंध नव्हता. तरी आठपैकी सहा कबुतरांनी आपापली सवय लावून घेतली. एक गोल गोल फिरू लागले, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे डोके झटकू लागले. या प्रयोगाचा नेमका अर्थ काय यावर पुढे तज्ज्ञांत वाद झाले, ते असोत. पोथी नाही, पुरोहित नाही, दक्षिणा नाही, तरी कबुतराचे कर्मकांड सुरू झाले, ही गोष्ट आम्हाला विचार करायला लावते. कारण आपल्याकडे "सगळी अंधश्रद्धा ब्राह्मणांनी निर्माण केली" असे म्हणायची सवय आहे. निर्माण तर मनच करते. पुरोहिताने तिच्यावर दुकान थाटले.

आणि हे मन सगळीकडे सारखे चालत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ ट्रॉब्रिअंड बेटांवर राहिला होता. त्याने पाहिले की तिथले कोळी शांत, उथळ खाडीत मासे धरायला जाताना मंत्रतंत्र करत नाहीत. खुल्या समुद्रात जाताना मात्र सगळे विधी होतात, कारण तिथे ना माशांचा भरवसा ना जिवाचा. २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासातही तेच दिसले. परिस्थिती आपल्या हातात नाही, अशी भावना ज्यांच्या मनात तयार केली होती, त्यांना नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातही आकृत्या दिसू लागल्या.

आता विदर्भाकडे पाहा. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल आखून धान्ये मांडतात, मध्ये मातीची ढेकळे आणि पाण्याचा करवा ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय भिजले यावरून पाऊस आणि पिके सांगतात. याला हवामानशास्त्राचा आधार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्याचे अख्खे वर्ष चार महिन्यांच्या पावसावर टांगले आहे, बियाण्याचे पैसे सावकाराकडून आलेले आहेत आणि कापसाचा भाव कुठल्यातरी दूरच्या बाजारात ठरतो, तो माणूस त्या घटाकडे का पाहतो? तो खुल्या समुद्रात आहे म्हणून. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत वर्धाही होता आणि बुलढाणाही. टीव्हीवर त्या शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेची चर्चा करणारे लोक ओलिताची चर्चा त्याच तावातावाने करताना आम्ही तरी पाहिले नाहीत.

म्हणजे संगतीची भूक सगळ्यांनाच असते, पण लाचारी वाढली की ती वाढते. आता ज्यांची जमीन, पाणी आणि अक्षर तिन्ही हिरावून घेतले होते, त्यांच्या मनाचे काय झाले असेल? इथून इतिहास सुरू होतो.

पटकी, म्हणजे कॉलरा, एकोणिसाव्या शतकात भारतभर आणि भारताबाहेर पुन्हा पुन्हा पसरली. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जायचा. का गेला? गावाने संगती लावली: मरीआई कोपली. मग तिला शांत करायचे किंवा गावाबाहेर घालवायचे. त्यातून मरीआईचा गाडा निघाला. देवीला गाड्यात बसवायचे, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचे आणि पलीकडे ढकलून यायचे. पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यायचा. रोग शिवेबाहेर गेला की तो आपला राहिला नाही, हे या सगळ्यातले तर्कशास्त्र!

यात आपले पूर्वज कुठे होते? मरीआईचे ठाणे बहुतेक ठिकाणी गावकुसाबाहेर, महारवाड्या-मांगवाड्याजवळ. तिच्या विधींतली रक्तामांसाची कामे, रेड्याचा बळी, ओवाळून टाकलेले उचलणे, हे ज्यांच्या वाट्याला आले ते आपले लोक. गावातले मेलेले ढोर ओढायचे ते आपण आणि गावातला रोग ओढून न्यायचा तोही आपण. काही जण याकडे "आमची देवी, आमचा मान" म्हणून पाहतात. आम्हाला हा मान वाटत नाही. गावाच्या संकटाचा कचरा कुणाच्या दारात टाकायचा याची ती वाटणी होती आणि वर देवीची मोहोर होती, म्हणून कुणी हिशेब मागितला नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नका. १८३२ साली इंग्लंडमध्ये पटकीची साथ होती तेव्हा तिथल्या सरकारने देवाची क्षमा मागायला २१ मार्चला राष्ट्रीय उपवासाचा दिवस पाळला होता. १८५३ साली एडिंबराच्या धर्मगुरूंनी पुन्हा तशीच मागणी केली, तेव्हा गृहमंत्री पामर्स्टन यांनी उत्तर धाडले, त्याचा आशय असा की आधी गरिबांच्या वस्त्यांतली घाण काढा. एकवीस वर्षांत एवढा फरक पडला होता. आणि लगेच १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीने सहाशेच्या वर माणसे गेली तेव्हा जॉन स्नो नावाचा डॉक्टर घरोघर फिरला. कोण मेले, कुठे मेले, पाणी कुठले पीत होते. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती मृत्यू दाट होते. म्हणजे त्यालाही आकृतीच दिसली, मरीआईच्या भक्ताला दिसली तशीच! पण तो तिथे थांबला नाही, आपली संगती मोडते का ते पाहायला निघाला. त्याच भागातल्या दारूच्या कारखान्यातले कामगार वाचले होते. का? ते पंपाचे पाणी पीत नव्हते, कारखान्यातली बिअर पीत होते. लांब हॅम्पस्टेडला एक विधवा बाई पटकीने गेली होती, जिथे आसपास साथ नव्हती. तिथे कसे? तिला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडायचे म्हणून रोज भरून आणले जाई. त्यानंतर पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोने स्वतःच नमूद केले आहे. त्याने आपले श्रेय फुगवले नाही. जंतू कोणता हे ठामपणे सांगायला कॉख यांना १८८४ उजाडावे लागले आणि त्यांनी तो कलकत्त्यात, पाण्याच्या तळ्यांपाशी शोधला.

मरीआईचा गाडा आणि स्नोचा नकाशा, दोन्हींच्या मुळाशी एकच भूक होती. पण गाडा कधी चुकू शकत नाही. रोग गेला तर देवी पावली, नाही गेला तर विधीत खोट राहिली, कुणाचा तरी विटाळ झाला. नकाशा चुकू शकत होता, म्हणूनच तो उपयोगी पडला.

आता गाड्यापेक्षा भयंकर गोष्ट. मरीआईचा कोप निदान सगळ्या गावावर होता. ब्राह्मणी व्यवस्थेने एक अशी संगती तयार केली की जी थेट माणसाच्या जन्माला चिकटली. तू महार का? मागच्या जन्माचे पाप. तो ब्राह्मण का? मागच्या जन्माचे पुण्य. पुरावा? मागचा जन्म कुणी पाहिलेला नाही, म्हणून खोडून काढायची सोय नाही. तक्रार करायला जागा नाही, कारण आरोपी तूच, साक्षीदार नाही, निकाल लागून गेला आहे.

ही संगती किती खोल गेली याचा दाखला आपल्याच घरातला आहे. संत चोखामेळ्यांच्या नावावर असलेल्या एका अभंगात, पूर्वी कृष्णनिंदा घडली म्हणून महाराचा जन्म आला, असे कारण दिलेले आहे. ज्या माणसाला विठ्ठलाच्या दारात उभे राहू दिले नाही, त्याच्याच तोंडी दार बंद असण्याचे कारण घातले आणि ते कारण म्हणजे तो स्वतः! आम्ही चोखोबांना दोष देत नाही. त्यांच्या काळात दुसरे उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचू दिलेच नव्हते. त्यांच्या मुलाच्या, कर्ममेळ्याच्या अभंगांत मात्र देवालाच जाब विचारलेला दिसतो, म्हणजे एका पिढीतच संगती हलायला लागली होती. चोखोबा गेले ते मंगळवेढ्याला, परंपरेनुसार १३३८ साली, वेठीच्या कामावर असताना, गावकुसाची भिंत अंगावर कोसळून. भिंत कोसळण्याचे कारण बांधकामात शोधायचे की पूर्वजन्मात? वेठीला महारच का होते याचे कारण सत्तेत शोधायचे की कृष्णनिंदेत? बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ इतिहासात शोधले. त्यांची ती मांडणी कुणाला पटो न पटो. जन्मोजन्मीच्या पापाला त्यांनी त्या शोधात जागाच दिली नाही.

यावर काही मित्र म्हणतील, अध्यात्माचा उपयोग आपल्या बाजूनेही करता येतो की! सवर्णांना पापाची भीती घातली तर ते सुधारतील. हा प्रयोग झालेला आहे आणि त्याचा धागा याच वर्ध्याशी जोडलेला आहे.

१९३३ साली गांधी वर्ध्याला राहायला आले आणि ७ नोव्हेंबर १९३३ ला वर्ध्याहूनच त्यांचा 'हरिजन दौरा' सुरू झाला. त्याच्या पाच वर्षे आधी, १९२८ मध्ये, जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले होते, त्याच धारेतले हे पुढचे पाऊल. दौरा दक्षिणेत असताना १५ जानेवारी १९३४ ला दुपारी नेपाळ-बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा या भागांत शहरेच्या शहरे कोसळली, दहा हजारांवर माणसे गेली. २४ जानेवारीला तिरुनेलवेलीच्या सभेत गांधींनी सांगितले की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे.

वरवर पाहता हे आपल्या बाजूचे बोलणे. अस्पृश्यतेला पाप म्हटले, तेही एवढ्या मोठ्या माणसाने. पण जरा थांबा. त्या ढिगाऱ्यांखाली दुसाध, चमार, डोम यांची घरे नव्हती का? देवाने अस्पृश्यतेची शिक्षा अस्पृश्यालाही दिली? ज्याच्यावर अन्याय झाला तोच त्या अन्यायाच्या शिक्षेत मेला आणि हे न्यायाचे उदाहरण म्हणून सांगितले गेले! पूर्वजन्मीच्या पापाच्या सिद्धान्तात आणि या विधानात हेतूचा फरक आहे, तर्काचा फारसा नाही.

रवींद्रनाथ टागोरांनी याला जाहीर विरोध केला. त्यांचा मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. सृष्टीची उलथापालथ आणि माणसाची नीती यांची अशी गाठ मारता येत नाही, हे तर त्यांनी सांगितलेच. पुढे असेही सांगितले की हा युक्तिवाद गांधींपेक्षा गांधींच्या विरोधकांनाच जास्त शोभतो. उद्या सनातन्यांनी म्हटले की अस्पृश्यांना देवळात घेता म्हणूनच भूकंप झाला, तर काय उत्तर द्याल? नेहरूंनीही आत्मचरित्रात या विधानावर आश्चर्य व्यक्त करत विचारले की दक्षिणेतल्या अस्पृश्यतेसाठी बिचाऱ्या बिहारच्या लोकांना शिक्षा का? गांधींनी टागोरांचे पत्रक आपल्याच 'हरिजन'मध्ये १६ फेब्रुवारी १९३४ च्या अंकात छापले, हा मोठेपणा आम्ही मान्य करतो. पण सोबत उत्तर लिहून आपली श्रद्धा कायम ठेवली.

भारतीय भूखंडाचा तुकडा उत्तरेकडे सरकत तिबेटच्या खाली घुसतो आहे, त्या ताणातून हिमालयात भूकंप होतात, हे आज शाळेतल्या पुस्तकात आहे. तरी संकट आले की पापी शोधण्याची खोड गेली का? २०२० मध्ये कोरोना आला. २२ मार्चला थाळ्या वाजल्या आणि त्या नादाने विषाणू मरतो असे मेसेज फिरले. ५ एप्रिलला रात्री ९ वाजता ९ मिनिटे दिवे लावायला सांगितले, तर ९ या आकड्याचे गूढ उकलणारे ज्योतिषी मोबाईलवर हजर. आणि लगेच दोषीही सापडला, तबलिगी जमातचा मुसलमान. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. मरीआईचा गाडा शिवेवर ढकलायची रीत गेली असे आम्हाला वाटत नाही. गाडा बदलला.

मग बाबासाहेबांनी काय केले? अनेक जण समजतात की त्यांनी फक्त देव काढून टाकले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, वर्ध्याकडची माणसे त्या गर्दीत होती, आणि घरी परतल्यावर लोकांनी देव्हारे उचलून नदीत-विहिरीत टाकले. बावीस प्रतिज्ञांत देवदेवता नाकारल्या, श्राद्ध आणि पिंडदान नाकारले. पण बाबासाहेबांना मनाची भूक ठाऊक होती. नुसते रिकामे करून ते थांबले असते तर रिकाम्या जागेत दुसरा बाबा येऊन बसला असता. त्यांनी त्रिशरण आणि पंचशील दिले, धम्म दिला आणि धर्मात जी जागा देवाची असते ती धम्मात नीतीची आहे, अशी मांडणी केली. आमचे काही नास्तिक मित्र "धर्माची गरजच काय" असे विचारतात. गरज नसती तर तो विद्वान माणूस प्रकृती ढासळलेली असताना एका ग्रंथासाठी रात्री जागला नसता.

तो ग्रंथ, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला. त्याची प्रस्तावना आपल्या तरुणांनी संगती तपासण्याचा धडा म्हणून वाचावी. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले आणि घर सोडले, ही कथा किती देखणी! पण बाबासाहेब विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर मेलेला माणूस पाहिलाच नाही, हे पटते का? आणि ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलीयांच्या तंट्याकडे बोट दाखवतात. स्वतः ज्या धम्मात जायचे, त्याच्याच लाडक्या कथेला त्यांनी प्रश्न विचारला. पूर्वजन्मीच्या कर्माबद्दल तर ते स्पष्टच बोलतात. गरीब आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, एवढ्यासाठीच असा सिद्धान्त काढला असावा, दुसरे कारण दिसत नाही आणि करुणामय बुद्ध असे काही शिकवतील हे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आणि किसा गोतमी आठवा. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. "माझ्याच लेकराला का?" हाच तिचाही प्रश्न. तथागतांनी तिला मागचा जन्म सांगितला नाही आणि "हे थोतांड आहे" असेही म्हटले नाही. ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे सांगितले. ती दारोदार गेली, विचारत गेली आणि उत्तर तिचे तिला मिळाले. आम्हाला तर ती जॉन स्नोच्या दोन हजार वर्षे आधी घरोघर फिरून चौकशी करणारी बाई वाटते. शेवटी तिला संघात जागा मिळाली, हेही विसरू नये. उत्तरासोबत आसरा होता.

आमचा तरुण कार्यकर्ता सावंगीच्या वॉर्डात इथेच कमी पडला. त्याच्याकडे उत्तर होते, मोहरी नव्हती.

तर मग त्या बाईंना काय सांगायचे होते? सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून वेदना. पाणी कमी पडले, थंडी वाजली, ताप आला की त्रास उसळतो. दोन्ही पालक वाहक असले तर मुलाला हा आजार होण्याची शक्यता येते आणि ती प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते. "प्रत्येक" हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला. कारण वस्तीत ऐकू येते, "एक आजारी निघाला, आता पुढचे तीन सुटले." ही पुन्हा मनाने लावलेली खोटी संगती आहे. नाण्याला मागचा छापा आठवत नाही, गर्भालाही नाही. आणि सासरी ऐकवतात, "तुह्याच माहेरून आलं." तेही खोटे. एकट्या आईकडून हा आजार येत नाही, अर्धा वाटा बापाचा असतो. पण धागा बांधायला बाई, उपास करायला बाई आणि दोषही बाईचाच.

मग हे जनुक आपल्यात आले कुठून? ज्या भागांत मलेरिया फार होता तिथे ते टिकले, कारण वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे त्या मुलाच्या पूर्वजांनी कुणाचे काही बिघडवले नव्हते. ते डासांच्या मुलखात तगले होते. हे सांगितले तर प्रश्नाला उत्तरही मिळते आणि मान खाली घालावी लागत नाही.

इथे एक सावधगिरी. विदर्भात हा आजार बौद्धांत आहे, आदिवासींत आहे, काही ओबीसी जातींतही आहे. पण "महारांचा आजार" असा शब्द आम्ही शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. उद्या जनुकशास्त्राचीही पोथी होईल आणि "तुमच्या रक्तातच आहे" हा नवा पूर्वजन्म होईल, ही भीती खोटी नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म आपसातल्या आपसात लग्न करण्यात आहे, असे दाखवले. लग्नाचे कुंपण जेवढे घट्ट, तेवढी एकाच कुंपणातले दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता जास्त. हे कुंपण आपल्या रक्ताने घातलेले नाही. आणि कुंपण तोडले म्हणून तपासणी टाळता येते असेही नाही, कारण वाहक पलीकडेही आहेत. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केले, २०४७ पर्यंतचे लक्ष्य ठेवले. तपासणी होते. पण आपल्याच वस्त्यांत लग्न जुळवताना पंचशील म्हणायच्या आधी गुपचूप पत्रिका पाहिली जाते, प्लॉट घेताना वास्तू पाहिली जाते आणि रक्ताचा कागद मागितला तर "आमच्या पोरीत खोट काढता का" म्हणून बैठक मोडते. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही. पण ते मनुवाद्यांनी येऊन केलेले नाही.

होळीनंतर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी कुणी धाग्यांचा विषय काढला नाही. विहारातल्या दोन बाया सोबत होत्या, त्यांतल्या एकीचा मुलगाही सिकलसेलचाच. तिनेच सांगितले पाणी किती पाजते, थंडीत काय घालते, गोळी कशी चुकवत नाही. नंतर सुपात तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे घेऊन आईचे दोन, बापाचे दोन, असे मांडून दाखवले. बाईंनी स्वतः चार-पाच वेळा मांडून पाहिले. मुलगा मधेच येऊन दाणे खाऊ लागला म्हणून त्याला हाकलले.

निघताना बाईंनी विचारले, "माह्या बहिणीच्या पोरीचं जुळत आहे भाऊ, जेठात लग्न काढतो म्हणते. तिचंही रक्त पाहा लागते का?"

"दोघांचंही," आम्ही म्हटले.

मुलाच्या मनगटावर आता काळा धागा तेवढा उरला आहे. बहिणीचा फोन नंबर बाईंनी विहारातल्या ताईंना लिहून दिला.